आकड्यांतील माणूस : क्रीडाव्यवस्थापनाच्या संगणकीय खेळांची भावी दिशा
('फुटबॉल मॅनेजर' या मालिकेच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

संगणकीय खेळ म्हटले की वेग, नेमबाजी, पडद्यावर धावणारी चित्रे आणि खेळणाऱ्याच्या बोटांची चपळाई या गोष्टी प्रथम डोळ्यांसमोर येतात. या सर्वांना अपवाद ठरलेला एक प्रकार मात्र चार दशकांहून अधिक काळ टिकून आहे. या प्रकारात खेळणारा स्वतः चेंडूला पाय लावत नाही. तो संघ निवडतो, डावपेच आखतो, खेळाडूंची खरेदी-विक्री करतो, होतकरू मुलांना घडवतो, संचालक मंडळाची मनधरणी करतो आणि प्रत्यक्ष सामना सुरू झाला की बहुतांशी मैदानाच्या कडेला उभा राहतो. पडद्यावर त्याला दिसतात ते तक्ते, आकडे, पत्रे आणि वृत्ते. या खेळांना क्रीडाव्यवस्थापनाचे सिम्युलेशन खेळ असे म्हटले जाते. सिम्युलेशन म्हणजे वास्तवातील एखाद्या व्यवस्थेचे नियम संगणकात उतरवून तयार केलेली तिची चालती प्रतिकृती होय.

या प्रकारातील सर्वांत प्रभावी मालिका 'फुटबॉल मॅनेजर' ही आहे. लंडन येथील स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह ही संस्था ती तयार करते व सेगा ही जपानी कंपनी ती प्रकाशित करते. २००४ पासून दरवर्षी अखंडपणे प्रसिद्ध होणाऱ्या या मालिकेत २०२५ मध्ये प्रथमच खंड पडला. 'फुटबॉल मॅनेजर २५' ही आवृत्ती प्रथम नोव्हेंबर २०२४ मध्ये व नंतर मार्च २०२५ मध्ये येणार होती. परंतु ६ फेब्रुवारी २०२५ रोजी ती पूर्णपणे रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्यानंतरची आवृत्ती ४ नोव्हेंबर २०२५ रोजी आली आणि अनेक जुन्या खेळाडूंनी तिचे स्वागत नाराजीनेच केले. एका व्यापारी उत्पादनाचे वेळापत्रक कोलमडले, एवढ्यापुरतीच ही घटना मर्यादित मानता येणार नाही. हा खेळप्रकार पुढे कोणत्या दिशेने जाणार, हा मूलभूत प्रश्न तिने उभा केला आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. या खेळांचे भवितव्य अधिकाधिक हुबेहूब दृश्यांत शोधले जाते. वस्तुतः त्यांचे सामर्थ्य प्रथमपासून आकडा आणि शब्द यांत आहे. त्यामुळे या खेळांची खरी प्रगती आकडा अधिक जबाबदार होण्यात आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. जडणघडण : नाव, चित्र आणि माहितीसाठा

व्यवस्थापनप्रधान क्रीडाखेळाचा पाया केव्हिन टॉम्स या ब्रिटिश निर्मात्याने १९८२ मध्ये घातला. 'फुटबॉल मॅनेजर' याच नावाचा त्याचा खेळ बेसिक या संगणकभाषेत लिहिलेला होता. त्या काळच्या घरगुती संगणकांची स्मरणक्षमता इतकी तोकडी होती की क्लब, खेळाडू आणि पैसा यांचे अगदी ढोबळ गणितच त्यात मावू शकत होते. तरीही सामन्याचा निकाल पडद्यावर उमटण्यापूर्वीची धाकधूक त्या ढोबळ गणितातूनही निर्माण होत असे.

पुढचे मोठे पाऊल १९९२ मध्ये पडले. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोन भावांनी तयार केलेला 'चॅम्पियनशिप मॅनेजर' डोमार्क या कंपनीने प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीतील खेळाडूंची नावे काल्पनिक होती. १९९३ च्या हंगामासाठीच्या आवृत्तीत खऱ्या खेळाडूंची नावे आली. वरवर पाहता हा बदल किरकोळ वाटेल. परंतु याच क्षणी या खेळाचे स्वरूप पालटले. काल्पनिक नावापुढचा आकडा हा खेळाचा नियम असतो. खऱ्या नावापुढचा आकडा हा एका जिवंत माणसाविषयीचा अभिप्राय ठरतो.

या मालिकेत सामना दीर्घकाळ केवळ शब्दांतून सांगितला जात असे. पडद्यावर एकेक ओळ उमटे आणि खेळणारा ती वाचत मनातल्या मनात मैदान उभे करी. २००३ मधील चौथ्या आवृत्तीत वरून पाहिलेले मैदान व त्यावर फिरणारे ठिपके आले. २००८ च्या अखेरीस आलेल्या 'फुटबॉल मॅनेजर २००९' मध्ये त्रिमितीय सामना दिसू लागला. म्हणजे दृश्य हे या खेळात उशिरा आलेले आहे. ते येण्यापूर्वीच हा प्रकार लोकप्रिय झालेला होता.

या विधानास एक ऐतिहासिक पुरावाही आहे. २००३ मध्ये स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह आणि प्रकाशक आयडॉस यांची फारकत झाली. 'चॅम्पियनशिप मॅनेजर' हे नाव प्रकाशकाकडे राहिले. संगणकीय संहिता आणि खेळाडूंचा माहितीसाठा निर्मात्यांकडे राहिला. निर्मात्यांनी टॉम्सच्या जुन्या खेळाचे नाव धारण करून नवी मालिका सुरू केली. पुढील काही वर्षांत खेळणाऱ्यांनी ओळखीच्या नावाकडे पाठ फिरवली व माहितीसाठ्याची वाट धरली. जुन्या नावाने निघणारी संगणकावरील मालिका २०१० च्या आवृत्तीनंतर थांबली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या बलाढ्य कंपनीची 'फिफा मॅनेजर' ही मालिकाही २०१४ च्या आवृत्तीनंतर बंद पडली. नाव, भांडवल आणि चित्रण यांपैकी कशालाही या प्रकारात निर्णायक महत्त्व लाभले नाही. वाचक जसा कथेच्या विश्वासार्हतेवर टिकतो, तसा या खेळाचा खेळाडू माहितीच्या विश्वासार्हतेवर टिकतो, असे यावरून म्हणता येईल.

२. आकडा कोण देतो?

'फुटबॉल मॅनेजर'मध्ये प्रत्येक खेळाडूचे गुण १ ते २० या श्रेणीत दर्शवले जातात. वेग, पास देण्याचे कौशल्य, डोक्याने चेंडू मारणे यांसारख्या गुणांबरोबरच निर्धार, नेतृत्व, धैर्य यांचीही नोंद असते. काही गुण खेळणाऱ्यापासून दडवलेले असतात. दुखापतीची प्रवणता, मोठ्या सामन्यातील स्थैर्य, व्यावसायिक शिस्त हे त्यांपैकी होत. या सर्वांच्या मुळाशी 'सद्यःक्षमता' आणि 'संभाव्य क्षमता' असे आणखी दोन आकडे असतात व त्यांची कमाल मर्यादा २०० असते.

हे आकडे कोणत्याही यंत्राने मोजलेले नाहीत. जगभर विखुरलेले हजाराहून अधिक निरीक्षक आपापल्या क्लबचे सामने पाहून ते सुचवतात व त्यांच्यावरील प्रमुख ते ताडून पाहतात. वेग घड्याळाने मोजता येईल. निर्धार कशाने मोजावा? एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाची 'संभाव्य क्षमता' ठरवणे म्हणजे तर भविष्यकथनच होय. आकड्याच्या निःसंदिग्ध रूपामुळे मात्र मत हे माप असल्याचा भास होतो. समीक्षेच्या परिभाषेत सांगायचे तर येथे आस्वादकाचा अभिप्राय वस्तुनिष्ठ तथ्याचा वेष धारण करतो.

या वेषांतराची दोन उदाहरणे या मालिकेच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. २००१-०२ च्या आवृत्तीत टो मादेइरा नावाचा एक पोर्तुगीज आघाडीपटू होता. असंख्य खेळाडूंनी त्याला विकत घेतले आणि त्याने गोलांचा पाऊस पाडला. प्रत्यक्षात असा फुटबॉलपटू अस्तित्वातच नव्हता. माहितीसाठ्यात शिरलेली ती एक काल्पनिक नोंद होती. दुसरे उदाहरण त्याच आवृत्तीतील टोंटन झोला मूकोको याचे आहे. हा खराखुरा खेळाडू होता व डर्बी काउंटी या इंग्लिश क्लबच्या युवा संघात होता. खेळातील त्याच्या आकड्यांनी त्याला जगातील श्रेष्ठ मध्यफळीच्या खेळाडूंत नेऊन बसवले. प्रत्यक्षात डर्बीच्या मुख्य संघाकडून खेळण्याची संधीही त्याला लाभली नाही. पहिल्या उदाहरणात माणूस नसताना आकडा होता. दुसऱ्यात आकड्याने माणसाला झाकून टाकले. पहिले उदाहरण विनोदाचा विषय होऊ शकते, दुसरे होऊ नये. कारण ज्या तरुणाचे आयुष्य आपल्या गतीने चालले होते, त्याला अनेकजण एका न घडलेल्या भविष्याने ओळखू लागले.

हा प्रश्न खेळापुरता राहिला असता तर त्याचे गांभीर्य मर्यादित ठरले असते. परंतु आकडा खेळाच्या चौकटीबाहेर पडला आहे. २००८ मध्ये एव्हर्टन या इंग्लिश क्लबने खेळाडूंच्या शोधासाठी या माहितीसाठ्याचा उपयोग करण्याचा करार केला. २०१४ मध्ये प्रोझोन या क्रीडाविश्लेषण कंपनीने क्लबांना पुरवायच्या आपल्या सेवेत हा साठा समाविष्ट केला. खालच्या स्तरावरील एखाद्या खेळाडूचे नाव क्लबच्या यादीत येणे वा न येणे यावर त्याची उपजीविका अवलंबून असते. अशा वेळी निरीक्षकाने दिलेला ९ किंवा १२ हा आकडा खेळातील सोंगटी राहत नाही. तो एक प्रकारचा अप्रत्यक्ष शेरा होतो आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची रूढ व्यवस्था नसते.

मालकीचा प्रश्नही याच संदर्भात पाहणे आवश्यक आहे. मँचेस्टर युनायटेड या क्लबने आपल्या नावाच्या व चिन्हाच्या वापरावरून सेगा व स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह यांच्यावर दावा केला. २०२० मध्ये तो चर्चेत आला आणि २०२१ मध्ये त्यावर तडजोड होऊन खेळात क्लबचे नाव बदलले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये शेकडो आजी-माजी फुटबॉलपटूंच्या वतीने 'प्रोजेक्ट रेड कार्ड' ही मोहीम पुढे आली. आपल्या कामगिरीची व शरीराची माहिती संमतीवाचून व मोबदल्यावाचून वापरली जाते, अशी या मोहिमेची तक्रार माहितीचा व्यवहार करणाऱ्या विविध कंपन्यांविरुद्ध होती. क्लबच्या नावाचे रक्षण कायदा तत्परतेने करतो. त्या क्लबकडून खेळणाऱ्या माणसाच्या गुणांविषयीचे विधान कोणाचे, हा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

३. दृश्याचा मोह आणि वार्षिक चक्र

'फुटबॉल मॅनेजर २५' रद्द होण्यामागे तांत्रिक संक्रमण होते. वर्षानुवर्षे वापरलेली स्वतःची चौकट सोडून युनिटी या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या चौकटीवर खेळ नव्याने उभारण्याचा तो प्रयत्न होता. अधिक चांगले दृश्य आणि नवी पडदारचना हे त्याचे प्रमुख आकर्षण होते. अपेक्षित दर्जा, विशेषतः पडदारचना व खेळण्याचा अनुभव यांचा, साध्य न झाल्याने आवृत्ती मागे घेतल्याचे निर्मात्यांनी सांगितले आणि आगाऊ पैसे भरणाऱ्यांना ते परत मिळाले. अपुरे काम बाजारात आणण्यापेक्षा ते मागे घेण्यात प्रामाणिकपणा होता, हे मान्य केले पाहिजे.

परंतु याच प्रसंगात एक दुसरी गोष्ट घडली. जुन्या २०२४ च्या आवृत्तीत नव्या हंगामाची अधिकृत माहिती भरली जाणार नाही, असे जाहीर झाले. तेव्हा चाहत्यांनीच ते काम अंगावर घेतले आणि नव्या खरेदी-विक्रीसह माहितीसाठा अद्ययावत करून एकमेकांना पुरवला. त्यांना नव्या चित्रांची प्रतीक्षा होतीच. पण त्यांची तातडीची गरज अद्ययावत माहितीची होती. खेळाची संहिता आणि खेळाची माहिती या दोन स्वतंत्र वस्तू आहेत, हे यातून उघड झाले.

येथे या प्रकारातील मूलभूत विसंगती स्पष्ट होते. या खेळाचा काळ दीर्घ आहे. एकेक खेळाडू एकाच क्लबबरोबर वीस-तीस हंगाम घालवतो. पोरसवदा म्हणून आलेला गोलरक्षक पुढे कर्णधार होतो, निवृत्त होतो आणि प्रशिक्षक म्हणून परततो. असा पिढ्यांचा विस्तार असलेला अनुभव वर्षभरात शिळा होणाऱ्या मालाच्या रूपाने विकला जातो. दर शरद ऋतूत नवी आवृत्ती आणावयाची तर नवेपणा दाखवावा लागतो, आणि नवेपणा दाखवण्याचा सोपा मार्ग दृश्यातून जातो. प्रतिस्पर्धी व्यवस्थापकांची समज सुधारली, हे जाहिरातीच्या अर्ध्या मिनिटात दाखवता येत नाही. ओले गवत दाखवता येते.

२०२५ च्या आवृत्तीत डावपेचांची रचना निश्चितच सुधारली. चेंडू आपल्याकडे असतानाची मांडणी आणि तो प्रतिस्पर्ध्याकडे असतानाची मांडणी स्वतंत्रपणे आखण्याची सोय तीत आली व आधुनिक फुटबॉलच्या वास्तवाशी ती सुसंगत आहे. मात्र पडदारचनेत एक मोल हरवले. पूर्वी क्लबातील प्रत्येक घटना व्यवस्थापकाच्या टपालपेटीत पत्ररूपाने येत असे. वैद्यकाचा अहवाल, दलालाची धमकी, संचालकाची नापसंती, नाराज खेळाडूची भेटीची विनंती अशा पत्रांच्या मालिकेतून हंगामाची कथा उलगडे. कथनशास्त्राच्या दृष्टीने पाहता हा खेळ म्हणजे खेळणाऱ्याच्या निर्णयांनी पुढे सरकणारी पत्ररूप कादंबरीच होती. नव्या आवृत्तीत त्या टपालपेटीची जागा 'पोर्टल' नावाच्या, विविध चौकटींनी भरलेल्या पानाने घेतली. माहिती तीच राहिली, पण तिचा क्रम आणि तिचा सूर विस्कटला. खेळाडूंच्या नाराजीचा उगम केवळ सवय मोडण्यात नाही. कथेचा धागा तुटण्यात तो अधिक आहे.

वार्षिक विक्रीला पर्याय शोधताना आणखी एक धोका लक्षात घ्यावा लागतो. 'फिफा' मालिकेत २००९ मध्ये आलेल्या 'अल्टिमेट टीम' या प्रकाराने खेळाडूंची पत्ते-पाकिटे विकण्याचा मार्ग रूढ केला. बेसबॉलच्या व्यवस्थापनाचा नामवंत खेळ 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' यानेही २०१८ मध्ये पत्त्यांवर आधारित स्वतंत्र विभाग सुरू केला. पाकीट फोडून नशिबाने तारांकित खेळाडू मिळवणे आणि चार हंगाम सांभाळून एक सामान्य मुलगा घडवणे या दोन परस्परविरोधी मनोवृत्ती आहेत. पहिली वृत्ती दुसरीच्या घरात शिरली, तर या प्रकाराचा आत्माच हरवेल. याउलट मूळ कार्यक्रम काही वर्षे तोच ठेवून दरवर्षी अद्ययावत माहिती माफक किमतीत देणे हा मार्ग निर्माते व खेळणारे या दोघांच्याही हिताचा ठरू शकेल. त्यात उत्पन्न कमी होण्याचा संभव आहे. परंतु रद्द झालेली आवृत्तीही खर्चिकच असते.

४. महिला फुटबॉल : मोजपट्टीची कसोटी

माणसे वाढवणे आणि चित्रे वाढवणे यांतील फरक महिला फुटबॉलच्या समावेशातून स्पष्ट होतो. स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हने जुलै २०२१ मध्ये हा संकल्प जाहीर केला. त्यासाठी मोठा खर्च होईल आणि नजीकच्या काळात परतावा अल्प असेल, हेही तेव्हाच मान्य केले होते. प्रत्यक्षात तो २०२५ च्या आवृत्तीत उतरला. एकाच खेळविश्वात पुरुषांच्या आणि महिलांच्या क्लबांचे व्यवस्थापन करता येणे ही या मालिकेच्या इतिहासातील महत्त्वाची घटना मानावी लागेल.

तथापि नावे भरल्याने समावेश पूर्ण होत नाही. येथे मोजपट्टीचाच प्रश्न उभा राहतो. १ ते २० ही श्रेणी कोणाच्या तुलनेत लावावयाची? पुरुषांच्या तुलनेत लावली तर सर्व महिला खेळाडू श्रेणीच्या एका कोपऱ्यात गोळा होतील आणि त्यांच्यातील परस्परभेद पुसले जातील. महिलांच्याच तुलनेत लावली तर आकडा हा निरपेक्ष नसून सापेक्ष असतो, हे मान्य करावे लागेल. दुसरा मार्गच न्याय्य आहे. आणि तो स्वीकारला की पुरुषांचा आकडाही सापेक्षच होता, हे आपोआप सिद्ध होते. उपेक्षितांच्या समावेशाने मूळ व्यवस्थेचे गृहीतक उघडे पडावे, हा अनुभव साहित्येतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.

त्याचप्रमाणे महिला खेळाडूच्या कारकिर्दीला स्वतःची वळणे आहेत. गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापतीचे प्रमाण महिलांत अधिक असल्याचे क्रीडावैद्यकाने दाखवले आहे. १ जानेवारी २०२१ पासून फिफाच्या नियमांत किमान १४ आठवड्यांच्या सवेतन प्रसूतिरजेची तरतूद आली. अनेक महिला संघांचे अर्थकारण त्याच नावाच्या पुरुष संघावर अवलंबून असते. हे सर्व नियमांच्या पातळीवर खेळात उतरले, तरच ती महिला फुटबॉलची प्रतिकृती होईल. अन्यथा जुन्या साच्यात नवी नावे भरली, एवढाच त्याचा अर्थ उरेल.

५. कृत्रिम बुद्धिमत्ता : बोलके पात्र की समंजस प्रतिस्पर्धी?

या खेळांतील संवाद हा त्यांचा दुबळा भाग आहे. पत्रकार परिषदेत तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात आणि खेळाडूशी होणारी चर्चा ठरावीक चार-पाच वाक्यांत संपते. भाषा निर्माण करणाऱ्या नव्या तंत्रामुळे हा दोष दूर होईल, अशी अपेक्षा व्यक्त होते. प्रत्येक पत्रकार वेगळे विचारील, प्रत्येक खेळाडू आपल्या शैलीत बोलेल, हे चित्र आकर्षक आहे.

परंतु येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला कलात्मक आहे. या खेळात शब्दाला वजन येते ते त्याच्या परिणामामुळे. 'पुढील हंगामात तुला मुख्य संघात घेईन' हे वाक्य सुंदर नाही, पण ते पाळले नाही तर तीन महिन्यांनी ड्रेसिंग रूममध्ये बंड होते, म्हणून ते अर्थपूर्ण आहे. परिणामाशी न बांधलेले अमर्याद बोलणे म्हणजे नुसता गलबला होय. दुसरा आक्षेप नैतिक आहे. या खेळातील पात्रे खऱ्या माणसांची नावे धारण करतात. आजवर त्यांच्या नावापुढे आकडे घातले गेले. उद्या त्यांच्या तोंडी न बोललेली वाक्ये घातली जातील. आकड्याच्या बाबतीत जो संमतीचा प्रश्न आहे, तो वाक्याच्या बाबतीत अधिक तीव्र होतो.

तंत्राचा खरा उपयोग अन्यत्र आहे. प्रतिस्पर्धी क्लब आपला संघ समतोलपणे बांधत नाहीत, एकाच जागी पाच-पाच खेळाडू घेऊन ठेवतात, वयाचा विचार करत नाहीत, अशा तक्रारी या प्रकाराला दीर्घकाळ चिकटल्या आहेत. समंजस प्रतिस्पर्धी घडवणे हे बोलके पात्र घडवण्यापेक्षा कठीण आणि अधिक मोलाचे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कारणमीमांसा. सामना का हरला, तरुण खेळाडूची वाढ का खुंटली, याचे उत्तर खेळाने द्यावे. ते उत्तर पूर्ण असण्याची आवश्यकता नाही. वास्तवातील व्यवस्थापकालाही ते पूर्ण मिळत नाही. अपरिचित खेळाडूचा गुण नेमक्या आकड्याऐवजी '९ ते १४' अशा टप्प्यात दाखवण्याची पद्धत या मालिकेत आहे. तिचा विस्तार व्हावा. दोन निरीक्षकांचे मतभेद, आकडा कोणत्या वर्षीचा, तो किती सामने पाहून ठरवला, हे सर्व दिसू लागले तर आकडा आपले अज्ञान कबूल करील. अनिश्चिततेतून निर्णय घेणे हाच व्यवस्थापनाचा गाभा असल्याने असा आकडा खेळालाही अधिक रंगत आणील.

६. भारतीय संदर्भ

भारतात या प्रकाराचा विचार करताना त्याची गल्लत 'फँटसी' स्पर्धांशी होते, म्हणून भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. २००८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या ड्रीम११ ने क्रिकेटच्या फँटसी स्पर्धा घरोघरी पोहोचवल्या. त्यांत प्रत्यक्ष सामन्यातील कामगिरीवर गुण मिळत आणि प्रवेशशुल्क भरून रोख बक्षीस जिंकता येत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली व त्यानंतर अशा सशुल्क स्पर्धा थांबल्या. फँटसी स्पर्धेत काळ एका सामन्याचा असतो आणि खेळाडू हा गुणांचा स्रोत असतो. व्यवस्थापनाच्या खेळात काळ पिढ्यांचा असतो आणि खेळाडू ही जबाबदारी असते. दोन्हींत संघ निवडला जातो, एवढेच साम्य.

'फुटबॉल मॅनेजर'मध्ये भारतीय लीगचाही समावेश आहे. त्यामुळे मुंबई किंवा गोव्यातील क्लबचा खेळाडूही जगातील कोणत्याही कोपऱ्यातील व्यवस्थापकाच्या यादीत दिसू शकतो. ही प्रतिष्ठा आहे तशीच ती जोखीमही आहे. ज्या देशातील सामन्यांचे चित्रण आणि विश्लेषण विपुल आहे, तेथे निरीक्षकाची चूक दुसरा दुरुस्त करतो. जेथे ते विरळ आहे, तेथे मोजक्या माणसांच्या मतावरील अवलंबित्व वाढते. म्हणजे आकड्याची विश्वासार्हता सर्वत्र सारखी नसते. पडद्यावर मात्र लंडनचा १३ आणि मडगावचा १३ एकाच अक्षरात छापला जातो. क्रिकेटच्या व्यवस्थापनाचा 'इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टन' हा ब्रिटिश खेळ १९९८ पासून प्रसिद्ध आहे. धावफलकाची सविस्तर नोंद ठेवण्याची दीर्घ परंपरा असलेल्या आपल्या समाजाला या क्षेत्रात ग्राहकापलीकडची भूमिका बजावता येण्याजोगी आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) क्रीडाव्यवस्थापनाच्या संगणकीय खेळांची लोकप्रियता दृश्यांपूर्वीची असून ती माहितीसाठ्याच्या विश्वासार्हतेवर उभी आहे. २००३ मधील फारकत आणि २०२५ मधील खंड या दोन्ही घटना त्यास पुष्टी देतात.

२) खेळाडूचा गुणांक हा मापन नसून मत आहे. तो क्लबांच्या व्यवहारात वापरला जात असल्याने त्याचा स्रोत, काळ आणि अनिश्चितता उघड करणे ही निर्मात्यांची जबाबदारी ठरते. तसेच ज्याच्याविषयी तो आहे त्या माणसाला हरकत घेण्याची सोय असावी.

३) दीर्घकाळ चालणाऱ्या अनुभवाशी वार्षिक आवृत्तीचे चक्र विसंगत आहे. मूळ कार्यक्रम स्थिर ठेवून माहितीचे नूतनीकरण करणे हा अधिक सुसंगत मार्ग होय.

४) महिला फुटबॉलचा समावेश हा या प्रकाराच्या प्रगतीचा योग्य नमुना आहे, मात्र त्याने नियम बदलले पाहिजेत, केवळ नावे नव्हेत.

५) कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग खऱ्या माणसांच्या तोंडी वाक्ये घालण्यासाठी न करता प्रतिस्पर्ध्याची समज आणि खेळाची कारणमीमांसा सुधारण्यासाठी व्हावा.

दोषांची चर्चा करताना या खेळांचे ऋण विसरता येत नाही. दूरच्या गावातील अनामिक संघाच्या राखीव गोलरक्षकाविषयी कोणालातरी आस्था वाटावी, ही किमया त्यांनी आकड्यांच्या बळावर केली आहे. ज्या आकड्याने ही आस्था निर्माण केली, त्याच आकड्याने त्या गोलरक्षकाविषयी आपल्याला किती थोडे ठाऊक आहे हेही सांगावे, एवढीच या प्रकाराकडून पुढील काळात अपेक्षा आहे.